सभेस भिणारा वक्ता : डिमॉस्थेनीस

मंडळीच्या सभेंत एखाद्या तरुणास उभें राहून चार शब्द बोलावयास सांगितलें असतां त्याची काय अवस्था होते, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. घरीं, शेतावर, बाजारांत तो अस्खलित बोलतो; बैलाची किंमत ठरवितांना त्याच्यापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. पण पन्नास माणसांचे डोळे आपणाकडे लागले आहेत असें दिसतांच त्याच्या घशास कोरड पडते, गुडघे कांपूं लागतात, आणि रात्रभर मनांत जुळविलेलीं वाक्यें कोठें जातात तें त्याचें त्यासच कळत नाहीं. मग तो कसेंबसें आटोपून खालीं बसतो व मनाशीं ठरवितो कीं बोलणें हा आपला प्रांत नव्हे. ती देणगी ज्यास मिळाली त्यास मिळाली. आम्हीही पुष्कळ वर्षें असेंच समजत होतों. परंतु ज्या मनुष्यास जगानें वक्त्यांमध्यें पहिलें आसन दिलें, त्याचें चरित्र वाचल्यापासून आमचा हा समज टिकला नाहीं. त्या मनुष्याचें नांव डिमॉस्थेनीस. तो लहानपणापासून बोबडा बोले, त्याचा आवाज दुबळा होता, श्वास अपुरा होता, आणि लोकांच्या गलक्यास तो म्हातारपणापर्यंत भीत असे.

प्रेषितांच्या कृत्यांत ज्या अथेनै शहराचें वर्णन आहे, तें अथेन्स हेंच त्याचें गांव. मात्र पौल तेथें गेला त्याच्या आधीं सुमारें चारशें वर्षांपूर्वींची ही हकीकत आहे. ती पुष्कळशी प्लूटार्क नांवाच्या ग्रीक चरित्रकारानें लिहून ठेविली आहे, आणि कांहीं खुद्द डिमॉस्थेनीसाच्या उपलब्ध भाषणांतून कळते. प्लूटार्क हाही त्याच्या मागून सुमारें चार शतकांनीं झाला, म्हणून त्याच्या कांहीं कथा तोंडोतोंडीं वाढल्या असतील. वाचकांनीं तेवढें लक्षांत ठेवावें.

डिमॉस्थेनीसाचा जन्म इ. स. पूर्वी ३८४ च्या सुमारास झाला. त्याचा बाप चांगला सुखवस्तु होता. त्याचे दोन कारखाने होते. एकांत तरवारी व सुऱ्या होत, दुसऱ्यांत पलंग होत. आणि दोहोंत मिळून पन्नासांहून अधिक गुलाम काम करीत. अथेन्सला आपल्या स्वातंत्र्याचा मोठा गर्व होता, तरी हें गुलामांचें राबणें तेथें फारच थोड्यांस खुपत असे. मुलगा सात वर्षांचा व त्याची बहीण पांच वर्षांची असतां बाप वारला. मरतांना त्यानें आपले दोन पुतणे व एक जुना स्नेही अशा तिघांस पालक नेमिलें आणि सुमारें चौदा टॅलेंट किंमतीची मिळकत त्यांच्या स्वाधीन केली. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार द्राख्मा, आणि चांगल्या कारागिराची एक दिवसाची मजुरी एक-दीड द्राख्मा. लूकाच्या शुभवर्तमानांत ज्या बाईचें नाणें हरवलें व तिनें दिवा लावून घर झाडलें, तें नाणें मूळ ग्रीक भाषेंत द्राख्माच आहे. यावरून चौऱ्यांयशीं हजार द्राख्मा म्हणजे केवढी मिळकत झाली तें वाचकांच्या ध्यानांत येईल.

पालकांपैकीं आफोबस नांवाच्या पुतण्यानें विधवेशीं लग्न करावें अशी बापाची इच्छा होती, आणि त्यासाठीं तिच्या हुंड्याची रक्कम ठरवून दिली होती. आफोबसानें हुंडा घेतला, लग्न केलें नाहीं. कारखान्यांचें उत्पन्न, उसनवार दिलेला पैसा, घरांतील हस्तिदंत व लोखंड, सर्व कांहीं दहा वर्षांत नाहींसें झालें. मुलाच्या शिक्षकांचे पगारदेखील पालकांनीं बुडविले. मुलगा सज्ञान झाल्यावर त्याच्या हातांत एक घर, चौदा गुलाम व थोडें रुपें, मिळून सुमारें बाराव्या हिश्श्याइतकी मिळकत पडली. पोरक्या मुलांच्या इस्टेटींचें काय होतें हें आमच्याकडील कोर्टांनींही थोडें पाहिलें नाहीं. तेव्हां हा भाग अधिक फोडून सांगण्याची गरज दिसत नाहीं.

हा मुलगा अंगानें किरकोळ. आई त्यास जपून वागवी आणि इतर मुलांबरोबर तालमींत पाठवीत नसे. त्यामुळें मुलांनीं त्यास बायकी म्हणून एक टोपणनांव ठेविलें, आणि तें त्यास मोठेपणींही चिकटलें. असें सांगतात कीं एकदां अथेन्समधील नांवाजलेला पुढारी कालिस्त्रातस ह्याच्यावर मोठा खटला चालला होता, आणि तो ऐकावयास सर्व गांव लोटला होता. डिमॉस्थेनीसानें आपल्या सांभाळणाऱ्या सेवकाचें मन वळविलें. त्या सेवकाची द्वारपाळांशीं ओळख होती. त्यानें मुलास कोणाच्या दृष्टीस न पडेल अशा जागीं नेऊन बसविलें. कालिस्त्रातस सुटला, लोक त्यास मिरवीत घरीं घेऊन गेले. मुलाच्या मनावर मात्र मिरवणुकीपेक्षां त्या बोलण्याचाच ठसा अधिक उमटला. सर्वांस आपलेंसें करण्याची जी शक्ति एका जिभेंत दिसली, तिचें त्यास नवल वाटलें.

त्यास जीभ हवी होती ती कीर्तीसाठीं नव्हे. अथेन्सचा कायदा असा होता कीं वादी व प्रतिवादी यांनीं न्यायसभेपुढें स्वतःच बोलावें. पैसे घेऊन भाषण लिहून देणारे लोक असत, पण उभें राहून बोलावयाचें तें ज्याचें त्यानें. न्यायाधीश एक-दोन नसत. खाजगी दाव्यांतसुद्धां दोनशें एक किंवा चारशें एक नागरिक बसत, आणि बोलण्याचा वेळ घटकापात्रानें मोजीत. भांड्यांतील पाणी गळून संपलें कीं भाषण संपलें. म्हणजे आपला पैसा परत पाहिजे असेल तर त्या बोबड्या मुलास शेंकडों माणसांपुढें बोलणें भागच होतें. तो वारसाच्या दाव्यांत निष्णात असलेल्या इसीअस नांवाच्या शिक्षकाकडे शिकला, आणि इ. स. पूर्वी ३६४ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, त्यानें आफोबसावर दावा लावला. न्यायसभेनें त्याच्या बाजूनें दहा टॅलेंटांचा निकाल दिला. प्रत्यक्षांत त्यांतील फार थोडें हातीं आलें, कारण आफोबसानें मिळकत आधींच आप्तांच्या नांवें फिरविली होती. पण बोलावयाचें तें तो बोलला होता. ज्या दुःखाविषयीं बोलावयाचें तें त्याचें स्वतःचें होतें, आंकडे त्यास पाठ होते, आणि माघार घ्यावयास जागा नव्हती. आमच्या मतें त्याचा पाय तेव्हां लटपटला नाहीं ह्याचें कारण हेंच.

पुढें लोकसभेंत बोलावयाची पाळी आली, तेव्हां मात्र निराळेंच घडलें. अथेन्सची लोकसभा प्निक्स नांवाच्या टेंकडीवर उघड्या मैदानांत भरे. कांहीं ठरावांस सहा हजार मतें लागत, यावरून तेथें किती समुदाय जमे त्याची अटकळ करावी. खडकांत कोरलेल्या ओट्यावर चढून वक्ता बोले. आवाज पोंचविण्यास यंत्र नाहीं, वर छप्पर नाहीं. आणि लोक असे कीं वक्ता आवडला नाहीं तर आरडाओरड करून त्यास खालीं उतरवीत. डिमॉस्थेनीसानें पुस्तकी थाटाचीं लांबच लांब वाक्यें रचून आणलीं होतीं. श्वास पुरेना, वाक्य मध्येंच तुटे, अर्थ कोणास लागेना. लोक हंसले, मग ओरडले, आणि तो खालीं उतरला.

तो निराश होऊन पिरीयस बंदराकडे एकटाच भटकूं लागला. तेथें युनोमस नांवाच्या एका वृद्ध गृहस्थानें त्यास गांठलें व चांगलेंच खडसाविलें. त्या म्हाताऱ्यानें पूर्वीचा थोर पुढारी पेरिक्लीस यास ऐकिलें होतें. तुझें बोलणें त्याच्यासारखें आहे, पण तूं लोकांस भितोस, शरीर कमावीत नाहींस, आणि आळसानें स्वतःस फुकट घालवितोस, असें तो म्हणाला. डिमॉस्थेनीस पुनः सभेंत गेला, आणि पुनः लोकांनीं त्यास ऐकून घेतलें नाहीं. तो तोंडावर वस्त्र ओढून घरीं चालला असतां साटिरस नांवाचा ओळखीचा नट त्याच्या पाठोपाठ आला. डिमॉस्थेनीसानें त्याच्यापाशीं गाऱ्हाणें केलें कीं सर्व वक्त्यांत मी अधिक मेहनत करितों, ह्या कामापायीं मी शरीर झिजविलें, तरी दारुडे व अडाणी खलाशी ओट्यावर चढले तर लोक त्यांचें ऐकतात आणि माझी उपेक्षा करितात. साटिरसानें उत्तरादाखल एवढेंच केलें. प्रसिद्ध नाटकांतील कांहीं ओळी त्यास म्हणावयास सांगितल्या. त्यानें त्या म्हटल्या. मग त्याच ओळी त्या नटानें योग्य आवाजांत, योग्य हावभावांसह म्हणून दाखविल्या. डिमॉस्थेनीसास त्या वेगळ्याच ओळी वाटल्या. शब्द बरोबर असूनही आपण ते मेल्यासारखे टाकीत होतों, हें त्यास त्या दिवशीं कळलें.

आम्हांस ह्या चरित्रांत हाच प्रसंग सर्वांत अधिक उपयोगाचा वाटतो. म्हाताऱ्याचें म्हणणें खरें होतें, पण भिऊं नकोस असें सांगितल्यानें कोणाची भीति गेल्याचें आम्ही अद्याप पाहिलें नाहीं. नटानें भीतीचें नांवही काढलें नाहीं. त्यानें एक काम दाखवून दिलें, जें घरीं बसून करितां येतें.

तें काम डिमॉस्थेनीसानें कसें केलें याच्या कथा जगभर पसरल्या आहेत. त्यानें जमिनीखालीं एक खोली बांधविली आणि रोज तेथें उतरून आवाज व हावभाव यांचा सराव केला. कधीं कधीं तो दोन-दोन तीन-तीन महिने तेथेंच राही. आणि बाहेर जाण्याचा मोह होऊं नये म्हणून अर्धें डोकें भादरून घेई, म्हणजे लाजेनें लोकांत जातां येऊं नये. प्लूटार्क लिहितो कीं ती खोली त्याच्या काळींही दाखवीत असत. तोंडांत खडे धरून तो श्लोक म्हणे, त्यामुळें उच्चार स्पष्ट झाला. चढावर धांवतांना व दमलेला असतांना एका श्वासांत ओळी म्हणे, त्यामुळें दम वाढला. मोठ्या आरशापुढें उभा राहून तो स्वतःस पाही. ह्या तीन गोष्टी डिमॉस्थेनीसानें उतारवयांत स्वतः सांगितल्या व त्या फालेरमच्या डिमीट्रिअसानें ऐकून लिहिल्या, असें प्लूटार्क म्हणतो. म्हणून त्या निव्वळ दंतकथा नसाव्यात. लाटांच्या गर्जनेपुढें बोलण्याची संवय व्हावी म्हणून तो समुद्रकिनारीं जाऊन भाषण करी, आणि खांदा उडविण्याची खोड मोडावी म्हणून वर हत्यार टांगून त्याखालीं उभा राही, ह्या गोष्टी दुसऱ्या लेखकांनीं सांगितल्या आहेत. रोमचा वक्ता सिसरो लिहितो कीं त्यास र हें अक्षर म्हणतां येत नसे, आणि सरावानें तें इतकें साधलें कीं त्याच्याइतकें स्पष्ट कोणी बोलत नसे.

येथें एक इशारा दिला पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं कोणीं हें वाचून मुलाच्या तोंडांत खडे घालूं नयेत; खडा घशांत गेला तर जीवावर बेतेल. तोतरेपणा हा एक स्वतंत्र विषय आहे. त्यावर शिकलेल्या उपचारकांकडून इलाज होतो, आणि ज्या मुलास तो आहे त्यास रागावल्यानें तो वाढतो. सभेची भीति निराळी. ती वाटली म्हणजे हृदय जलद चालतें, लाळ आटते, आणि श्वास पोटापर्यंत न जातां वरच्यावर चालतो. ज्याचा श्वास मुळांत आंखूड त्याचें वाक्य अशा वेळीं तुटावयाचेंच. डिमॉस्थेनीसानें चढावर जें केलें त्याचा अर्थ असा कीं छाती धडधडत असतां व दम लागला असतां बोलावयाची संवय त्यानें आधींच करून घेतली. भीतीनें शरीराचें जें होतें तें त्यानें टेंकडीवर मुद्दाम करून पाहिलें, आणि त्यांतून वाक्य पुरें करावयास शिकला.

पुढें पुष्कळ वर्षें त्यानें इतरांसाठीं भाषणें लिहून पोट भरलें, आणि हळूहळू लोकसभेंत त्याचें वजन वाढलें. पण तयारीवांचून तो सहसा बोलत नसे. लोक त्याचें नांव घेऊन हांका मारीत, तरी विषयाचा विचार केलेला नसेल तर तो जागचा उठत नसे. ह्याबद्दल त्याची पुष्कळ थट्टा झाली. पिथिअस नांवाच्या वक्त्यानें म्हटलें कीं ह्याच्या युक्तिवादांस दिव्याच्या वातीचा वास येतो. डिमॉस्थेनीसानें उत्तर दिलें कीं तुझा दिवा व माझा दिवा रात्रीं एकाच कामासाठीं जळत नाहींत. दुसऱ्यांस तो सरळ सांगे कीं मी तयारी करितों, आणि तयारी करून येणें हा लोकांविषयींचा आदर आहे. लोक काय म्हणतील याची पर्वा नसणाराच वाटेल तें बोलतो. त्याच काळीं डेमाडीस नांवाचा एक वक्ता होता, त्यास उभें राहतांच शब्द सुचत. लोकांच्या गलक्यानें डिमॉस्थेनीस गोंधळला म्हणजे डेमाडीस उठून त्याची बाजू सांवरून घेई. डेमाडीसाची बाजू डिमॉस्थेनीसानें तशी कधीं सांवरली नाहीं, असें प्लूटार्कानें नमूद केलें आहे. म्हणजे एवढ्या सरावानंतरही गलक्यापुढें तो गोंधळत असे. वक्तृत्वांत मुख्य गोष्ट कोणती असें त्यास विचारलें असतां त्यानें बोलून दाखविण्याची रीत असें सांगितलें. दुसरी कोणती, तर तीच. आणि तिसरी, तर तीच. साटिरसाचा धडा त्यानें जन्मभर विसरला नाहीं.

आतां त्याच्या आयुष्यांतील मोठें काम आलें. उत्तरेस मासेदोनियाचा राजा फिलिप बलाढ्य होत चालला होता. इ. स. पूर्वी ३५६ त त्यानें सोन्याच्या खाणींजवळचें एक गांव घेऊन त्यास आपलें नांव दिलें. पौलानें जेथें लुदियेस बाप्तिस्मा दिला व जेथल्या मंडळीस पुढें पत्र लिहिलें तें फिलिप्पै हेंच. फिलिप एकेक शहर गिळीत दक्षिणेकडे येत होता, आणि अथेन्सचे लोक ठराव करीत बसले होते. इ. स. पूर्वी ३५१ पासून डिमॉस्थेनीस त्यांस जागें करूं लागला. त्याच्या त्या भाषणांवरून कोणावर केलेल्या तिखट भाषणास युरोपांतील भाषांत फिलिपिक म्हणण्याची चाल पडली.

परंतु ज्या फिलिपाविरुद्ध तो एवढें बोलला, त्याच्या समोर उभा राहिल्यावर काय झालें? इ. स. पूर्वी ३४६ त अथेन्सनें तहाच्या बोलण्यासाठीं दहा वकील पेल्ला येथें राजाकडे पाठविले. त्यांत डिमॉस्थेनीस होता आणि एस्किनीस हाही होता. एस्किनीस पूर्वी नट होता. त्याचा आवाज सुरेख, अंगलट भव्य. सर्वांचें बोलणें झाल्यावर शेवटीं डिमॉस्थेनीसाची पाळी आली. दरबार कान देऊन बसला, कारण त्याची कीर्ति तेथेंही पोंचली होती. त्यानें प्रस्तावना सुरू केली, थोडा पुढें गेला, अडखळला, आणि गप्प झाला. फिलिपानें त्यास धीर दिला. ही कांहीं नाटकाची रंगभूमि नव्हे, सावकाश आठवून बोलावें, असें सांगितलें. त्यानें पुनः आरंभ केला, आणि पुनः शब्द गेले. शेवटीं वकिलांस बाहेर जावयास सांगण्यांत आलें.

ही हकीकत एस्किनीसानें सांगितली आहे, आणि तो पुढें डिमॉस्थेनीसाचा हाडवैरी झाला. तेव्हां तींत तिखटमीठ असणारच. तथापि त्यानें ती इ. स. पूर्वी ३४३ त भर न्यायसभेंत सांगितली, आणि बरोबर गेलेल्यांपैकीं लोक तेव्हां शहरांतच होते. अगदींच निराधार गोष्ट अशा ठिकाणीं सांगणें कठीण; म्हणून मूळ गोष्ट खरी असावी असें आम्हांस वाटतें. नऊ जणांनीं सर्व मुद्दे आधींच बोलून टाकिले होते, ठिकाण परकें होतें, आणि समोर तोच मनुष्य बसला होता ज्याच्याविषयीं तो पांच वर्षें बोलत होता. अडतीस वर्षांचा, कसलेला, तयारीचा वक्ता. आणि ती जुनी कोरड पुनः घशास आली.

यानंतर तो बोलावयाचें सोडून देईल असें कोणासही वाटलें असतें. तसें झालें नाहीं. इ. स. पूर्वी ३३९ च्या अखेरीस एके संध्याकाळीं अथेन्समध्यें जासूद आला कीं फिलिपानें एलातेया घेतलें. म्हणजे अथेन्सची वाट त्यास मोकळी झाली. अधिकारी जेवत होते ते पानांवरून उठले. बाजारांतील पालें हटविण्यांत आलीं. कर्णा वाजविणाऱ्यास बोलावणें गेलें. सर्व शहर रात्रभर गजबजलें. दुसऱ्या दिवशीं उजाडतांच लोक टेंकडीवर जमले. बातमी सांगण्यांत आली, आणि पुकारा करणाऱ्यानें विचारलें कीं कोणास बोलावयाचें आहे. कोणी उठेना. त्यानें पुनः पुनः पुकारा केला. सर्व सेनापति हजर, सर्व वक्ते हजर, ज्यांस उभें राहतांच शब्द सुचत तेही हजर; ओट्यावर जाण्यास एकही पाऊल पुढें पडेना. तेव्हां जो उठला तो डिमॉस्थेनीस. त्यानें आधीं लोकांस शांत केलें, मग जुने वैरी असलेल्या थीब्सच्या लोकांशीं स्नेह करावा असा सल्ला दिला, आणि तो ठराव घेऊन स्वतः थीब्सला गेला. हा प्रसंग त्यानें स्वतःच पुढें वर्णिला आहे, तेव्हां आपली बाजू त्यानें चांगलीच रंगविली असेल. पण थीब्सशीं स्नेह झाला हें खरें आहे. वर्षानुवर्षें ज्या प्रश्नाचा त्यानें रात्रीं दिव्यापाशीं विचार केला होता, तो प्रश्न त्या सकाळीं दाराशीं आला होता. इतरांस ती बातमी नवी होती, त्यास नव्हती.

पण लढाईंत जय मिळाला नाहीं. इ. स. पूर्वी ३३८ त खैरोनिया येथें फिलिपानें दोन्ही शहरांचा पराभव केला. एक हजार अथेन्सकर पडले, दोन हजार धरले गेले. डिमॉस्थेनीस साधा पायदळ शिपाई म्हणून लढाईंत होता, आणि ढाल टाकून पळाला असें त्याचे शत्रु म्हणत. पळाले पुष्कळ, त्याचेंच नांव राहिलें. तरीही मेलेल्यांच्या हाडांवर भाषण कोणीं करावें हें ठरवितांना लोकांनीं त्याचीच निवड केली. ज्याच्या सल्ल्यानें मुलगे लढावयास गेले त्यासच त्यांच्या बापांनीं बोलावयास उभें केलें. आमच्या मतें पुढें मिळालेल्या कोणत्याही मानापेक्षां हा मान मोठा होता.

पुढील मान सोन्याच्या मुगुटाचा होता. तो देण्याची सूचना आल्यावर एस्किनीसानें खटला भरला, आणि सहा वर्षांनीं, इ. स. पूर्वी ३३० त, तो सुनावणीस आला. बाहेरगांवांहूनही लोक ऐकावयास आले. एस्किनीसानें आपल्या सुरेख आवाजांत लढाईंतून पळण्यापर्यंत सर्व कांहीं काढलें. डिमॉस्थेनीसानें उत्तरादाखल जें भाषण केलें तें आजही वक्तृत्वाचा नमुना म्हणून शिकवितात. एस्किनीसास एक पंचमांशदेखील मतें पडलीं नाहींत. त्यास दंड झाला, आणि तो ऱ्होड्‌स बेटांत जाऊन वक्तृत्व शिकवूं लागला. तेथें त्यानें शत्रूचें तें भाषण शिष्यांस वाचून दाखविलें, आणि शिष्यांनीं वाखाणणी केल्यावर म्हटलें कीं तुम्हीं तें प्रत्यक्ष त्याच्या तोंडून ऐकावयास पाहिजे होतें. अशी एक आख्यायिका आहे.

त्याच्या चरित्रावर डागही आहे, आणि तो झांकणें बरें नव्हे. इ. स. पूर्वी ३२४ त शिकंदराचा खजिनदार हार्पालस पुष्कळ द्रव्य घेऊन अथेन्सला पळून आला. त्यांतील मोठी रक्कम गहाळ झाली, आणि वीस टॅलेंट घेतल्याचा आरोप डिमॉस्थेनीसावर शाबीत झाला. प्लूटार्क सांगतो कीं हार्पालसाविषयीं बोलावयाच्या दिवशीं तो गळ्याभोंवतीं लोकरीची पट्टी गुंडाळून आला आणि आवाज बसला आहे अशी खूण केली. थट्टेखोर लोक म्हणाले कीं ह्याचा घसा सुजला नाहीं, तो पैशानें धरला आहे. त्यानें लांच घेतला कीं नाहीं याविषयीं विद्वानांत आजही दोन मतें आहेत. पण ज्या लोकांनीं त्याचें अडखळणें क्षमा केलें होतें त्यांनीं हें मौन क्षमा केलें नाहीं. त्यास पन्नास टॅलेंट दंड झाला, तो तुरुंगांत पडला, आणि तेथून परदेशीं पळाला.

शिकंदर ३२३ त मेल्यावर अथेन्सनें त्यास सन्मानानें परत आणिलें. पुढच्याच वर्षीं मासेदोनियाच्या सेनापतीनें अथेन्सचा बंदोबस्त केला व डिमॉस्थेनीसास पकडावयास माणसें धाडिलीं. तो कालौरिया बेटावरील देवळाच्या आश्रयास गेला. पकडावयास आलेला आर्किअस हा पूर्वी नट होता. असें सांगतात कीं आदल्या रात्रीं डिमॉस्थेनीसास स्वप्न पडलें, त्यांत तो व आर्किअस रंगभूमीवर चढाओढ करीत होते. लोक त्याच्याच बाजूचे होते, पण पोशाख व सामान कमी पडल्यामुळें तो हरला. सकाळीं आर्किअस गोड बोलूं लागला, तेव्हां डिमॉस्थेनीसानें त्यास सांगितलें कीं तुझें नाटक मला पूर्वीही कधीं खरें वाटलें नाहीं. मग घरीं पत्र लिहितों असें म्हणून तो आंत गेला, आणि लेखणींत ठेविलेलें विष त्यानें घेतलें. त्या कृत्याची स्तुति आम्हांस करवत नाहीं. त्याचें वय त्या वेळीं बासष्ट वर्षांचें होतें.

बेचाळीस वर्षांनीं, इ. स. पूर्वी २८० च्या सुमारास, अथेन्सच्या लोकांनीं भर चौकांत त्याचा कांशाचा पुतळा उभारला. मूळ पुतळा नाहींसा झाला; त्यावरून केलेल्या संगमरवरी प्रतींपैकीं एक कोपनहेगन येथें आहे. कारागिरानें त्यास बोलतांना दाखविलें नाहीं. मान किंचित् खालीं, कपाळास आठ्या, अंगावर साधें वस्त्र, आणि दोन्ही हातांचीं बोटें पुढें एकमेकांत घट्ट गुंतविलेलीं. जणूं पुकारा व्हावयाचा आहे, आणि तो उठण्याची वाट पाहत आहे.